माळवदाचं ओझं : सोलापूरकडची मातीची घरं आणि १९९३चा निकाल



आजच्या विषयाच्या नावात 'माळवद' हा शब्द आहे. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड, आणि खाली विजापूर-कलबुर्गीकडचा मुलूख इथल्या बहुतेकांना तो सांगावा लागणार नाही. पण हे व्याख्यान ऑनलाइन ऐकणाऱ्यांत पुण्या-मुंबईची, कोकणातली मंडळीही असतात, म्हणून सांगतो. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. काही ठिकाणी त्याला धाबं म्हणतात. कौलारू घराला उतार असतो, माळवदाला तो नसल्यातच जमा. त्यावर माणूस चालतो, मिरच्या-कुरडया वाळत घालतो, उन्हाळ्यात अंथरूण टाकून झोपतो.

पर्यावरणपूरक वास्तुरचना, शाश्वत बांधकाम हे शब्द आपण अलीकडे फार ऐकतो. त्याची उदाहरणं आपल्याला लांबची दिली जातात. मला वाटतं, आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण सोलापूरपासून साधारण सत्तर किलोमीटरवर आहे, आणि ते यशाचं उदाहरण नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि त्या दिवशी या सगळ्या भागानं माती-दगडाच्या घरांविरुद्ध एक निकाल दिला. माती माणूस मारते, सिमेंट वाचवतं. हा निकाल दुःखातून आला होता, त्यामुळे त्याला कुणी उलट विचारलं नाही. आज तीस वर्षांनंतर तो पुरावा पुन्हा तपासायचा आहे. मी मातीची वकिली करायला आलेलो नाही, हे आधीच सांगतो. ज्यांच्या घरातली माणसं त्या रात्री गेली, त्यांच्यापुढे उभं राहून मातीचं कौतुक कुणी करू नये. पण इतिहासाचं काम पुरावा नीट वाचण्याचं आहे, तेवढं करू या.

आधी घर समजून घेऊ. आपल्या भाषेत गावाचे दोन भाग आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हे शब्द नुसते रंगाचे नाहीत, त्यात बांधकामाचं ज्ञान आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही, छत तर नाहीच. पांढरीची माती म्हणजे शेकडो वर्षं जिथं माणसं राहिली तिथली माती. तीत राख असते, चुनखडीचा अंश असतो, पडलेल्या जुन्या भिंती असतात. ती कमी फुगते, धोपटली की घट्ट बसते. म्हणून घर पडलं की त्याच मातीचं पुन्हा घर होई.

याचा एक गमतीचा पुरावा धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं नगर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून मणी, मृण्मूर्ती, नाणी वर येत राहिली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती आयुष्यभर जमवली आणि आज ती तिथल्या संग्रहालयात आहेत. म्हणजे सातवाहनांच्या काळात जिथं घरं होती, त्याच जागी, त्याच मातीची घरं पुढे दोन हजार वर्षं होत आली. बांधकामाच्या साहित्याचा पुनर्वापर हा शब्द आज आपण नवा म्हणून शिकतो. पांढरीवर तो शब्द नव्हता, व्यवहार होता.

आता हवा. सोलापूरचा पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला बराचसा सप्टेंबरात येतो. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो. पाऊस कमी म्हणून सपाट छत चालतं, आणि ऊन फार म्हणून ते मातीचं लागतं. भिंती दोन-तीन फूट जाड, दगड-मातीच्या. रस्त्याच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीत. उजेड आणि धूर यांच्यासाठी माळवदाला वर साणं, म्हणजे झाकण घालता येईल असा झरोका. मध्ये चौक किंवा अंगण, त्याला ओसरी. भिंतीत देवळी, कोनाडे, धान्याला बळद. जाड मातीतून उष्णता इतकी हळू जाते की दुपारी दोनचं ऊन आतल्या बाजूला पोचायला मध्यरात्र होते. तोवर बाहेर गार झालेलं असतं आणि माणसं वर माळवदावर झोपलेली असतात.

हे सगळं छत उभं कशावर? खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काठ्या, त्यावर पाला आणि त्यावर माती. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणायचं. घराचं मोजमापच खणांत व्हायचं, दोन खणांचं घर, पाच खणांचं घर. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चांगल्या बांधलेल्या घरात छताचं वजन लाकडाच्या या सांगाड्यावर असे. भिंत आडोसा करायची, छत पेलायची जबाबदारी तिच्यावर फारशी नसायची.

आणि हे घर एकदा बांधून संपत नसे. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर चढायचं, भेगा बुजवायच्या, उगवलेलं गवत उपटायचं, पन्हाळी मोकळ्या करायच्या, नवी माती टाकून धोपटायची. भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची. यातलं लिंपणं-सारवणं जवळजवळ सगळं बायकांच्या हातचं होतं. दगड आणि मातीची कामं वडार समाजाच्या हातात होती. गाडी वडार, माती वडार, जाते वडार ही नावंच त्यांचं कौशल्य सांगतात. वास्तुरचनेच्या इतिहासात आपण वाड्याच्या मालकाचं नाव लिहितो. ज्यांना दगडाची जात कळत होती त्यांची नावं कुठेच नाहीत.

सोलापूर शहरातही हेच तत्त्व दिसतं, फक्त कारण वेगळं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात हातमाग जमिनीत खड्डा करून बसवलेला असे. विणकर कडेला बसायचा, पाय खड्ड्यात. मातीच्या जमिनीतला ओलावा सुतापर्यंत पोचायचा आणि सूत तुटायचं कमी. म्हणजे घराची जमीन ही यंत्राचा भाग होती. घर कशाचं बांधायचं हा प्रश्न पोटापाण्याच्या प्रश्नापासून वेगळा नव्हता.

इथपर्यंत ऐकून वाटेल की फार शहाणी रचना होती. होती. मग दहा हजारांच्या घरात माणसं का मेली?

त्या रात्रीकडे जाऊ. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, राजेगाव, होळी. गावांमागून गावं सपाट झाली. मृतांचे आकडे वेगवेगळ्या नोंदींत वेगळे आहेत, सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथं मोठा भूकंप होत नाही, असा समज होता. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपानं त्याला धक्का दिला होता, पण तो धडा धरणाच्या खात्यात जमा झाला, घराच्या नाही.

एक तुलना करू. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. तीव्रता ६.९, म्हणजे किल्लारीपेक्षा बराच मोठा. मृत्यू ६३. वेळ वेगळी, वस्ती वेगळी, हे सगळं मान्य. तरीही एवढा फरक जमिनीतून आलेला नाही. तो डोक्यावरच्या छतातून आला आहे.

छताचं वजन काढू या, साधं गणित आहे. दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. छतावर दोन फूट माती. १०×१२×२, म्हणजे २४० घनफूट. एक घनफूट धोपटलेली माती साधारण ४५ किलो. झाले १०,८०० किलो. जवळजवळ अकरा टन, एका खोलीच्या डोक्यावर. भरलेला मालट्रक उभा केल्यासारखं. किल्लारी भागात तज्ज्ञांनी मोजलेल्या माळवदांची जाडी फुटापासून अडीच फुटांपर्यंत होती.

आता इतिहासाचा खरा प्रश्न येतो. एवढी माती तिथं आली कशी? कुणीही पहिल्याच दिवशी अडीच फूट माती टाकत नाही. ती साठत गेली. गळती थांबवायला दरवर्षी टोपल्या टोपल्यांनी नवी माती चढत होती. जुनी उतरवायची म्हणजे चार दिवस घर उघडं टाकायचं, ती वाहून न्यायची, पुन्हा थर द्यायचे. नवी टाकायची म्हणजे एका सकाळचं काम. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकली. प्रत्येक वर्षाचा निर्णय बरोबर होता, गळती खरंच थांबत होती. साठ वर्षांची बेरीज मात्र कुणी केली नव्हती.

खालची बाजूही बदलत होती. या मुलखात जंगल नाही. चांगलं सागवान नेहमीच महाग, वाड्याला परवडायचं, साध्या कुटुंबाला नाही. खांब विरळ झाले, बारीक झाले, अनेक घरांत तुळई सरळ भिंतीवर टेकली. आडोशाची भिंत छत पेलू लागली. आणि भिंत कशी होती? बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही पदरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठराविक अंतरावर लागतो. तो घडवायला वेळ लागतो, पाथरवट लागतो, पैसा लागतो. तो बसवला की बाहेरून दिसतही नाही. त्यामुळे बचत करायची झाली की पहिल्यांदा तोच गळतो. आरपार दगड नसलेली भिंत रोजच्या वापरात उत्तम उभी राहते. जमीन आडवी हलली की दोन पदर पुस्तकासारखे उघडतात.

म्हणजे १९९३ मध्ये जे पडलं ते परंपरेतलं घर होतं की परंपरा झिजून उरलेलं घर होतं? मला वाटतं दोन्ही. परंपरेला भूकंप माहीत नव्हता. कच्छ-काश्मीरसारखा इथं पिढ्यांच्या आठवणीत तो नव्हताच. म्हणून सगळा दोष झिजण्यावर टाकून परंपरेला निर्दोष सोडता येणार नाही. पण जे तिच्यात होतं तेही सुटत चाललं होतं.

आता भूकंपानंतर तज्ज्ञांनी काय पाहिलं ते बघा. ज्या घरांत खण पक्का होता, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा नीट जोडलेला होता, तिथं अनेक ठिकाणी भिंती बाहेरच्या बाजूला ढासळल्या आणि सांगाडा छतासह उभा राहिला. आतली माणसं वाचली. हे निरीक्षण भूकंप अभियांत्रिकीच्या नोंदींत आहे. त्यावरून दुरुस्तीची पद्धतही ठरली. छतावरची माती उतरवून सुमारे आठ इंचांवर आणायची. खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरके आधार ठोकायचे. भिंतीला आरपार दगड बसवायचे, ते मिळाले नाहीत तर भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरायचं. घराभोवती एक पट्टा बांधायचा. भारतीय मानकांत १९९३ या सालाची दोन पुस्तकं आहेत, एक मातीच्या इमारतींवर आणि दुसरं कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामावर. त्यात अंतरं दिलेली आहेत. आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर. म्हणजे माती-दगडाचं घर सुरक्षित कसं करायचं याचं उत्तर शासनाकडे, छापील, त्याच काळात होतं.

मग झालं काय? जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. सगळ्यांत जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी हलवली. त्याशिवाय सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी मदत ठरली. देशभरातून संस्था धावून आल्या, आणि हे विसरता कामा नये की वेगानं आल्या, मनापासून आल्या. पण दोन गोष्टी घडल्या.

पहिली, मजबुतीकरणाच्या पैशातून अनेकांनी जुनं घर मजबूत केलंच नाही. त्यांनी शेजारी एक नवी खोली बांधली, विटा-सिमेंटची, वर पत्रा किंवा स्लॅब. त्यांना दोष देता येईल का? ज्या भिंतीनं शेजाऱ्याचं कुटुंब गाडलं, त्याच भिंतीत चार दगड घालून ती आता सुरक्षित झाली असं अभियंता सांगतो, आणि तुम्ही रात्री मुलांना तिथं झोपवायचं. विश्वास कागदावर परत येत नाही. तो डोळ्यांसमोर, आपल्या गावच्या गवंड्याच्या हातून, हळूहळू येतो. तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता.

दुसरी गोष्ट नव्या गावांची. रुंद सरळ रस्ते, चौकोनी आखणी, सुटी सुटी घरं. जुन्या गावात वाडा, गल्ली, भावकी, पार यांची एक गुंफण होती. नव्या गावात अंतरं वाढली. गुबाळ गावात तर घुमटाच्या आकाराची घरं आली. भूकंपाला घुमट चांगला, हे शास्त्र खरं आहे. पण गोल भिंतीला कपाट लागत नाही, वर वाळवण घालता येत नाही, मुलाच्या लग्नानंतर खण वाढवता येत नाही.

हा अनुभव फक्त आपला नाही. इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फाथी यांनी १९४०च्या दशकात लक्सरजवळ नवं गुर्ना गाव मातीच्या विटांनी बांधलं. जगभर त्याचं कौतुक झालं, फाथींचं पुस्तक वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना आजही वाचायला सांगतात. पण ज्या गावकऱ्यांसाठी ते बांधलं, त्यांतल्या बहुतेकांनी तिथं जायचं नाकारलं. त्यांना जुनी जागा सोडायची नव्हती. म्हणजे माती वापरली तरी तेच आणि काँक्रीट वापरलं तरी तेच. घर कुणी ठरवलं, हा प्रश्न साहित्याच्या आधी येतो.

याच्याशेजारी २००१चं कच्छ ठेवा. २६ जानेवारीच्या भूकंपात भूजमधल्या बहुमजली काँक्रीट इमारती कोसळल्या आणि बन्नी भागातले गोल मातीचे भुंगे, हलक्या गवती छपराचे, मोठ्या संख्येनं टिकले. तीच माती, पण आकार गोल आणि डोक्यावर ओझं नाही. पुढे गुजरातमध्ये पुनर्बांधणीचे पैसे बऱ्याच प्रमाणात थेट घरमालकांच्या हाती गेले आणि बहुतेक गावं जागच्या जागी उभी राहिली. लातूरच्या अनुभवातून हा शहाणपणा आला, असं आपत्ती व्यवस्थापनातले लोक सांगतात. आपल्या अनुभवाचा फायदा दुसऱ्याला झाला हे चांगलंच. आपल्याकडे मात्र निकाल तोच राहिला.

त्या निकालाला पुढे शासकीय भाषेचा आधार मिळाला. जनगणना आणि घरकुल योजना घरांची विभागणी 'कच्चं' आणि 'पक्कं' अशी करतात. मातीची भिंत, मातीचं छत म्हणजे कच्चं. भिंत किती जुनी, किती नीट बांधलेली, आत किती गार, याला रकाना नाही. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत कच्चं घर हे मदतीच्या पात्रतेचं लक्षण आहे. गरिबाला पक्कं घर मिळावं हा हेतू योग्यच आहे. पण शब्दाचा परिणाम असा होतो की चांगलं मातीचं घर ही संकल्पनाच कागदावर अस्तित्वात राहत नाही. जे कच्चं ठरलं ते कुणी शिकत नाही आणि कुणी शिकवत नाही. आरपार दगड घडवणारा हात खडी फोडायला जातो.

त्याची किंमत कोण मोजतं? सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत बसून बघा. आपल्या शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. तेंदूचं पान ओलं ठेवावं लागतं, सुकलं तर तडकतं. विणकराला सुतासाठी ओलावा हवा होता, विडी कामगार बाईला पानासाठी हवा आहे, आणि दोघांचंही घर हाच कारखाना. पण आजच्या घराचा आराखडा करताना ते फक्त झोपायची जागा म्हणून मोजलं जातं. पाचेक इंचाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळपासून ती उष्णता खाली सोडायला लागतो, नेमकी माणसं घरात असताना. मग पंखा, मग कूलर, मग विजेचं बिल. आणि जागतिक हिशेबात, सिमेंट बनवण्यातून जगाच्या कार्बन उत्सर्जनाचा सात-आठ टक्के वाटा येतो, तो वेगळाच.

इथं मला थांबून दुसरी बाजू मांडली पाहिजे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरांची, २००६ मध्ये. त्याच भागात रे नगर झालं, तीस हजार घरांची योजना, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे यांना, नरसय्या आडम यांच्या पुढाकारातल्या दीर्घ लढ्यानंतर, स्वतःच्या नावाचं घर मिळालं. ज्या बाईनं आयुष्यभर झोपडपट्टीत भाडं भरलं तिला मी जाऊन सांगायचं का, की ताई, स्लॅब पर्यावरणाला चांगला नाही? तिच्यासाठी पक्कं या शब्दाचा अर्थ सिमेंट नाही. कुणी उठवणार नाही, असा आहे. आणि तो अर्थ पूर्णपणे रास्त आहे.

उलट आज माती कुठं दिसते? शेतघरात, रिसॉर्टमध्ये, मासिकाच्या मुखपृष्ठावर. ज्याच्याकडे शहरात पक्कं घर आहे, त्याला गावात मातीचं घर हवं असतं. मातीचा अभिमान परत आला तो श्रीमंतांकडून आला. गरिबाकडे मातीची आठवण म्हणजे गळती, दरवर्षीचे कष्ट आणि किल्लारी. ही दरी ओलांडल्याशिवाय शाश्वत बांधकामाची चर्चा सोलापुरात कुणाच्या कामाची नाही.

मग करायचं काय? इतिहासाच्या माणसानं नकाशे काढू नयेत, पण पुराव्यातून निघतं तेवढं सांगतो.

एक, जुनी माळवदं अजून उभी आहेत, त्यात माणसं राहतात. त्यांचं पहिलं काम म्हणजे माती उतरवणं. छतावर किती इंच माती आहे हे मोजायला अभियंता लागत नाही, एक सळई लागते. आठ इंचांपेक्षा जास्त असेल तर ती खाली आली पाहिजे, आणि खाली खण मजबूत आहे का, कोपरे बांधलेले आहेत का, हे जाणकाराकडून तपासून घेतलं पाहिजे. गळतीसाठी दुसरे उपाय आहेत. आणखी एक टोपली हा उपाय आता नको.

दोन, जे स्लॅबखाली राहतात त्यांनी स्लॅब पाडायचा नाही. छताला वरून पांढरा चुना मारला तरी ऊन परतवलं जातं आणि खोलीत फरक पडतो. अहमदाबादनं हे गरीब वस्त्यांत करून पाहिलं. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच केलं. आपल्याकडे तर चुन्याची सवय जुनी आहे, दिवाळीला भिंतींना देत होतोच. तो दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला छतावर न्यायचा.

तीन, सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा इथं वाडे पाडले जात आहेत. त्यांतलं सागवान आणि घडीव दगड विकले जातात, माती मात्र राडारोडा म्हणून फेकली जाते. वाडा वाचवता आला नाही तरी पाडण्याआधी तो मोजून घ्या. खण किती, भिंत किती जाड, आरपार दगड किती अंतरावर. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हे करता येईल. आणि ज्यांनी त्या भिंती घातल्या त्या पिढीतले गवंडी, पाथरवट ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत.

चार, नवं घर बांधताना वास्तुरचनाकारानं पहिला प्रश्न साहित्याचा विचारू नये. या घरात दुपारी कोण असतं आणि काय काम करतं, हे विचारावं. दरवर्षी याची निगा कोण राखणार, हेही विचारावं. मातीचं घर बायकांच्या फुकट कष्टांवर उभं होतं, ही गोष्ट आपण गौरवाच्या भरात विसरतो. नव्या मातीच्या घराला पुन्हा तेच फुकट कष्ट लागणार असतील तर ते शाश्वत म्हणता येणार नाही. घरातल्या बायकाच ते नाकारतील आणि त्यांचं बरोबर असेल.

किल्लारीच्या निकालाकडे पुन्हा पाहिलं तर मला असं दिसतं. त्या रात्री माती दोषी ठरली, पण पुरावा ओझ्याचा होता आणि न बांधलेल्या भिंतीचा होता. हे दोन्ही दोष सिमेंटलाही होऊ शकतात. आज स्लॅबवर मजला, मजल्यावर पाण्याची टाकी, त्यावर मोबाइलचा टॉवर आपण चढवतोच आहोत, खालचे खांब कशासाठी आखले होते ते न विचारता. गळती थांबली म्हणून आणखी एक टोपली, उत्पन्न वाढतं म्हणून आणखी एक मजला. हिशेब तोच आहे. किल्लारीतून काही शिकायचं असेल तर ती बेरीज आपण आपल्या इमारतींची करावी. आपल्या घरावर, आपल्या सोसायटीवर, मुलांच्या शाळेच्या गच्चीवर मूळ आराखड्यापेक्षा जास्त काय आणि किती चढलं आहे, एवढं या आठवड्यात बघून या.

वेळ संपत आली आहे. काहींनी आपापल्या गावातल्या माळवदांचे फोटो पाठवले आहेत, ते आता पडद्यावर घेऊ आणि त्यावरच प्रश्नोत्तरं करू.